कात्री नको, गोंद नको

जर्मनीतलं देसाऊ गाव, १९२८च्या आसपासचा काळ. वर्गात नवे विद्यार्थी बसलेत. कुणाला चित्रकार व्हायचंय, कुणाला इमारती बांधायच्यात, कुणाला विणकाम शिकायचंय. मास्तर येतात ते काखेत वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन. प्रत्येकापुढे थोडे अंक ठेवतात आणि सांगतात की आपण गरीब माणसं आहोत, सामान आणि वेळ वाया घालवणं आपल्याला परवडायचं नाही. या कागदाचं असं काहीतरी करा, की आत्ता तो जेवढा आहे त्याहून काही जास्त होईल. कागदाचा मान राखा. जमलं तर कात्री, सुरी, गोंद यांतलं काही वापरू नका. एवढं बोलून मास्तर चक्क निघून जातात!

काही तासांनी ते परत आले तेव्हा वर्गात जत्रा भरली होती. किल्ले, विमानं, होड्या, प्राणी, मुखवटे. मास्तरांनी या सगळ्याची झटक्यात वासलात लावली. ही बालवाडीतली करामत झाली, म्हणाले, आणि यातलं बरंचसं दुसऱ्या एखाद्या सामानातून जास्त चांगलं झालं असतं. मग त्यांनी हंगेरीहून आलेल्या एका तरुण वास्तुविशारदाच्या कामाकडे बोट दाखवलं. त्या पठ्ठ्यानं काय केलं होतं? कागद लांबीत दुमडून उभा केला होता. बस्स, एवढंच.

यात काय एवढं, असं वाटलं ना? मग हाताशी असेल तो वर्तमानपत्राचा कागद घ्या आणि काठावर उभा करून बघा. तो मान टाकणार. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ ती वस्तू, उभी कशी राहील? आता त्याला मधोमध एक घडी घाला, अर्धवट उघडा आणि ठेवा. राहिला उभा! वजन तेच, शाई तीच, बातम्या त्याच. मग हा कणा आला कुठून?

गंमत अशी की एखादी गोष्ट वाकायला किती विरोध करते हे तिच्या जाडीवर फार विलक्षण रीतीनं अवलंबून असतं. सपाट पत्र्याची जाडी दुप्पट करा, विरोध दुप्पट होत नाही, आठपट होतो. तिप्पट करा, सत्तावीसपट. घडी घातल्यावर कागद तेवढाच पातळ राहतो, पण वाकवू पाहणाऱ्या जोराला आता मिलिमीटरच्या अंशाऐवजी घडीची पुरी खोली तोंड देते. कोकणातल्या घरांवरचा नालीदार पत्रा याच हिशेबावर पावसाळे काढतो. त्या हंगेरियन मुलानं हे गणित मांडलं नव्हतं, ते त्याच्या बोटांना सापडलं होतं. मास्तरांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. टेबलावर आडवा पडलेला कागद आपल्याला एकाच बाजूनं दिसतो, दुसरी बाजू फुकट जाते. उभा राहिला की दोन्ही बाजू कामाला लागतात.

हे मास्तर म्हणजे योसेफ अल्बर्स आणि शाळा बाउहाउस. हान्नेस बेकमान नावाचा विद्यार्थी त्या वर्गात होता, त्यानं पुढे हा प्रसंग लिहून ठेवला. कला कशी शिकवावी याचा विचार जिथे जिथे चालतो, तिथे ही दुमडलेल्या कागदाची गोष्ट आजही सांगितली जाते. कारण त्याआधी कलाशिक्षण म्हणजे काय होतं, ते ऐकाल तर थक्क व्हाल.

लंडन, १८५१. क्रिस्टल पॅलेसमध्ये जगभरच्या मालाचं प्रचंड प्रदर्शन भरलंय. यंत्रांच्या बाबतीत इंग्लंडचा हात धरणारं कुणी नाही. पण यंत्रातून निघालेल्या मालावरची नक्षी? गालिच्यांवर इतके खरेखुरे फुगीर गुलाब, की त्यावर पाय कसा ठेवायचा! ओवेन जोन्स, रिचर्ड रेडग्रेव्ह अशा जाणकारांनी कपाळाला हात लावला. आणि त्याच प्रदर्शनातल्या हिंदुस्थानी कापडाची, शालींची, विणकामाची त्यांनी तोंड भरून स्तुती केली. रंगांची जाण बघा, सपाट जागेवर सपाट नक्षी कशी बसवलीय बघा, यांच्याकडून शिका.

मग त्यांनी काय केलं? इंग्रज कारागिरांना शिकवण्यासाठी तेवीस पायऱ्यांचा अभ्यासक्रम बसवला. सुरुवात सरळ रेघांपासून. मग छापील आकृत्यांच्या बाह्यरेषांची नक्कल. मग प्लास्टरच्या पुतळ्यांची नक्कल. छाया दाखवायला पेन्सिलीचे बारीक बारीक ठिपके, आणि एकाच पुतळ्याच्या चित्रावर विद्यार्थी महिनोन् महिने ठिपके देत बसलेला. खोडायला पावाचा चुरा. पुढची पायरी हवी तर आधीची पुरी करा. आणि हीच पद्धत बोटीत बसून हिंदुस्थानात आली! ज्यांच्या नक्षीनं इंग्रजांचे डोळे दिपले, त्यांच्याच पोरांना ग्रीक पुतळ्यांच्या साच्यांवरून रेघा गिरवायला लावायच्या. उलटी गंगा म्हणतात ती हीच.

मुंबईचं सर ज. जी. कलाविद्यालय सुरू झालं १८५७ साली. त्यामागे सर जमशेटजी जीजीभॉयांची एक लाख रुपयांची देणगी होती. आता, तिथे आलेले सगळेच गोरे मास्तर झापडबंद होते असं मुळीच नाही. लॉकवुड किपलिंगला इथल्या कारागिरांच्या हातांबद्दल खरोखर आस्था होती. जॉन ग्रिफिथ्स १८७२पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याच्या लेण्यांत घेऊन गेला आणि तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. नक्कलच ती, पण नक्कल कशाची याला महत्त्व आहे की नाही? दुर्दैव असं की लंडनला पाठवलेल्या त्या प्रतिकृतींपैकी कित्येक १८८५च्या आगीत जळाल्या.

त्या तेवीस पायऱ्यांची सावली अजून गेलेली नाही. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसलेल्या कुणालाही विचारा. वस्तुचित्राच्या पेपराला समोर मांडलेला माठ, त्याशेजारी कांदा किंवा पुस्तक, मागे कापडाची घडी. पलीकडच्या पेपरात चौकोनात बसवायचं संकल्पचित्र, आणि कर्तव्यभूमिती. या परीक्षांना मी नावं ठेवणार नाही. गावोगावच्या कितीतरी मुलांना चित्रकला ही करण्याजोगी गोष्ट आहे हे पहिल्यांदा याच परीक्षांनी सांगितलं. माझी तक्रार एवढीच, की माठ हुबेहूब आला की नाही हे तपासायला परीक्षक असतो, मुलाला माठ दिसला की नाही हे विचारायला कुणी नसतं.

मग अल्बर्सचं वर्तमानपत्र कुठून आलं? त्याचा माग काढत गेलं तर आपण पोचतो चक्क बालवाडीत! बाद ब्लांकेनबुर्ग नावाच्या लहानशा जर्मन गावात १८३७ साली फ्रेडरिक फ्रोबेलनं चिमुकल्यांसाठी शिक्षण सुरू केलं, आणि त्यांच्या हातात पाटी-पुस्तकाच्या आधी दिले लोकरीचे रंगीत चेंडू. मग लाकडी गोल, घन, दंडगोल. मग ठोकळे, कागदाच्या घड्या, कागदी पट्ट्यांचं विणकाम. मूल आधी हातानं जग समजून घेतं, शब्द मागून येतात, असा त्याचा विश्वास. अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट म्हातारपणीही सांगायचा की लहानपणी खेळलेले फ्रोबेलचे ठोकळे आपल्या बोटांत अजून आहेत.

योहानेस इटेन हा स्विस माणूस प्राथमिक शिक्षक व्हायला निघाला होता आणि त्याचं शिक्षण याच फ्रोबेलच्या पद्धतीनं झालं होतं. पुढे तो चित्रकार झाला. १९१९ साली वाल्टर ग्रोपियसनं वायमार गावात बाउहाउस काढलं तेव्हा त्यानं इटेनला बोलावून घेतलं. इटेननं नव्या मुलांसाठी एक पूर्वतयारीचा वर्ग उघडला. आल्या आल्या त्यांनी आधी शिकलेलं विसरायचं, मग पुढचं.

कसा असायचा तो वर्ग? दिवसाची सुरुवात श्वासाच्या आणि अंगाच्या व्यायामानं. हात आखडलेला असेल तर रेघ मोकळी कशी येणार? मग लाकूड, साल, काच, लोकर, तार असल्या वस्तू बोटांनी चाचपायच्या आणि तो स्पर्श कोळशानं कागदावर उतरवायचा. एकदा त्यानं मुलांना लिंबं काढायला सांगितलं. एवढं सोपं काम बघून मुलं जवळजवळ नाराजच झाली. चित्रं झाल्यावर इटेननं लिंबू कापलं, प्रत्येकाच्या हातावर फोड ठेवली आणि खायला लावली. आता सांगा, हे आलंय का तुमच्या चित्रात? ती फोड तोंडात असताना पुन्हा आपल्या गुळगुळीत पिवळ्या चित्राकडे बघायचं म्हणजे किती पंचाईत!

इटेन तसा वल्लीच होता. डोक्याचा गोटा, अंगात स्वतः बेतलेला झगा. जरथुष्ट्राचं नाव सांगणाऱ्या माझ्दाझ्नान नावाच्या पंथाचा तो अनुयायी. (मुंबईची कलाशाळा पारशाच्या पैशावर उभी राहिली आणि वायमारची जरथुष्ट्राच्या नावानं श्वास घेत होती. योगायोगच, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.) त्या पंथाच्या पथ्यामुळे बाउहाउसच्या खानावळीत लसणाचा इतका मारा असे, की ग्रोपियसच्या आधीच्या पत्नीला, आल्माला, बाउहाउस म्हटलं की आधी तो वासच आठवायचा. ग्रोपियसशी मतभेद झाले आणि १९२३मध्ये इटेन गेला. पूर्वतयारीचा वर्ग हंगेरीचा मोहोली-नॉज आणि अल्बर्स या दोघांकडे आला. अल्बर्सही मुळात शाळामास्तरच. बत्तिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी होऊन बाउहाउसमध्ये आला होता. रंगांना पैसे नव्हते, म्हणून पाठीला पिशवी आणि हातात हातोडा घेऊन उकिरड्यावर फुटक्या बाटल्या गोळा करायचा आणि त्या काचांची चित्रं करायचा. ‘आपण गरीब आहोत’ हे वाक्य त्याच्या तोंडी कुठून आलं ते लक्षात आलं ना?

आता जरा पूर्वेकडे बघू. बाउहाउस निघालं त्याच वर्षी, १९१९मध्ये, शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी कलाभवन सुरू केलं. पुढे नंदलाल बोस त्याचे प्रमुख झाले. तिथेही झाडाखाली बसणं, आसपासच्या गावकऱ्यांचं काम बघणं, चित्राइतकाच मान अल्पनेला, म्हणजे तिकडच्या रांगोळीला, आणि विणकामाला. दोन्ही शाळांची गाठही पडली. डिसेंबर १९२२मध्ये कलकत्त्याला इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या प्रदर्शनात बाउहाउसची चित्रं लागली, क्ले, कांदिन्स्की आणि आपला हा लिंबूवाला इटेनसुद्धा.

आणि महाराष्ट्रात? १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरलं, खानदेशातल्या फैजपूरला. गांधीजींनी मंडप सजवायला याच नंदलाल बोसांना बोलावलं आणि अट घातली की सामान गावात मिळेल तेच. बांबू, चटया, माती. देसाऊचा वर्ग आणि खानदेशातलं ते नगर यांना एकमेकांची खबर नव्हती, आणि तरी दोघांची अट जवळपास एकच!

बाउहाउसची एक वाट मात्र थेट पवईला येते. बाउहाउसचा विद्यार्थी माक्स बिल उल्म इथल्या डिझाइनच्या शाळेचा पहिला प्रमुख झाला. मुंबईच्या त्याच ज. जी. कलाविद्यालयात शिकलेले सुधाकर नाडकर्णी पुढे या उल्मला जाऊन शिकले, आणि १९६९ साली आयआयटी मुंबईत औद्योगिक अभिकल्प केंद्र उभं राहिलं ते त्यांच्या पुढाकारानं. दरम्यान १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्यानं भारत सरकारला एक अहवाल दिला होता. डिझाइनची संस्था काढायची तर कशी काढावी, हा विषय. आणि त्यात त्यांनी सगळ्यात जास्त नवल केलं ते आपल्या लोट्याचं! पाणी ओतताना त्याचा तोल कसा सरकतो? कमरेवर, डोक्यावर, हातात तो कसा बसतो? भरलेला असताना, रिकामा असताना? घासायला कसा? वाजवला तर नाद कसा? मोडीत काढला तर धातूचं काय? आणि हा आकार एका कुणाच्या डोक्यातून निघालेला नाही, पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी तो घासून घासून आणलाय. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१मध्ये सुरू झाली ती या अहवालाच्या पाठबळावर.

परत अल्बर्सकडे वळू, कारण त्याचा सर्वांत चमत्कारिक वर्ग अजून राहिलाय. रंगाचा वर्ग, आणि रंगपेटीच नाही! फक्त रंगीत कागदाचे तुकडे. प्रश्न असा: एकाच रंगाचे दोन रंग करून दाखवा.

घरी करून बघा. एकाच कागदातून करड्या रंगाचे दोन छोटे चौकोन कापा. एक काळ्या कागदावर ठेवा, दुसरा पांढऱ्यावर. काळ्यावरचा उजळ दिसेल, पांढऱ्यावरचा मळकट. तुम्ही स्वतः कापलेत, दोन्ही एकच आहेत हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, आणि तरी डोळा ऐकायला तयार नाही! आता करड्या चौकोनाऐवजी गेरूसारखा तपकिरी-पिवळा घ्या आणि एक भडक पिवळ्यावर, एक गडद निळ्यावर ठेवा. पहिला काळवंडतो, दुसरा झळाळतो.

हे कोडं पहिल्यांदा नीट सोडवलं एका रसायनशास्त्रज्ञानं. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात भिंतीवर लावायचे विणलेले पट बनत. तिथल्या रंगाईवर देखरेख करणाऱ्या शेवरलकडे तक्रार आली की काळ्या धाग्यात दम नाही. त्यानं धागे तपासले, दुसऱ्या कारखान्यांच्या धाग्यांशी ताडून पाहिले. रंग अस्सल! खोट धाग्यात नव्हतीच, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांत होती. काळा फिका पडत होता तो बघणाऱ्याच्या डोळ्यात. १८३९ साली त्यानं यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. (हे गृहस्थ एकशे दोन वर्षं जगले, तेव्हा घाई कसलीच नव्हती.) डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी चाळीतल्या बिऱ्हाडांसारख्या असतात. एकीचा आवाज चढला की शेजारणीचा दबतो. त्यामुळे मेंदूला कुठल्याच जागेचा निव्वळ रंग कळत नाही, कळतो तो भोवतालच्या मानानं. मॅचिंगच्या दुकानात तंतोतंत जुळलेला ब्लाउजपीस घरी साडीच्या काठाशी धरल्यावर दगा देतो, त्यात दुकानातल्या ट्यूबलाइटचा दोष असतो, पण सगळा नसतो.

अल्बर्स ही शास्त्रीय कारणमीमांसा आधी सांगत नसे. आधी फसा, मग विचारा, असा खाक्या. मला वाटतं, कलाशिक्षण माणसाच्या अंगानं जाणारं असावं असं आपण म्हणतो तेव्हा मुलाला वाट्टेल ते करू द्यावं असा ढिला अर्थ घेतो. अल्बर्सच्या वर्गात तसलं काही चालत नसे. मनातल्या भावना ओतायला तो कुणाला सांगत नसे. स्वतःचं नाव आरशात दिसतं तसं उलटं लिहा, खुर्ची काढण्याऐवजी तिच्या पायांमधली मोकळी जागा काढा, असली कामं. मान होता तो शिकणाऱ्याच्या डोळ्याला: तुझं तू बघ, तुझं तू शोध, मी उत्तर देणार नाही.

१९३३ साली नाझींच्या दबावाखाली बाउहाउस बंद पडलं. अल्बर्स आणि त्याची विणकर पत्नी आनी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात आले. त्याच वर्षी निघालेलं, डोंगरातलं, कायम पैशाची चणचण असलेलं कॉलेज. सक्तीचे विषय नाहीत. शेती, स्वयंपाक, बांधकाम विद्यार्थी आणि शिक्षक मिळून करत. कला मात्र सगळ्या शिक्षणाच्या मध्यावर, पुढे डॉक्टर होणाऱ्यासाठीसुद्धा. अल्बर्सला इंग्रजी जेमतेम येत होतं. काय शिकवणार, असं विचारल्यावर त्यानं मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं की डोळे उघडायचे आहेत.

१९४६च्या उन्हाळ्यात तिथे रूथ असावा नावाची वीस वर्षांची मुलगी आली. आईवडील जपानी, कॅलिफोर्नियात शेती करणारे. महायुद्धात अमेरिकेनं पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं तेव्हा या कुटुंबाला सुरुवातीला घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, तबेल्यात राहावं लागलं. तिथेच कोंडलेल्या डिस्नेच्या काही चित्रकारांनी पोरांना चित्रकला शिकवली. शर्यतीच्या प्रेक्षकांसाठी बांधलेल्या पायऱ्यांवर भरलेला तो वर्ग! पुढे ती शिक्षिका व्हायला निघाली, पण जपानी मुलीला सराव-पाठ घेऊ द्यायला कुणी तयार होईना. पदवी हुकली.

ब्लॅक माउंटनमध्ये तिच्या हाती आला तो धोबीखान्यातला रबरी शिक्का. चादरींवर उमटवायचा, कॉलेजच्या तीन आद्याक्षरांचा. तिनं तोच कागदावर पुन्हा पुन्हा उमटवून लाटांसारखी सळसळती नक्षी केली. १९४७ साली मेक्सिकोतल्या तोलुका गावात अंडी ठेवायच्या तारेच्या टोपल्या विणणारी माणसं तिनं पाहिली. फासात फास अडकवत जायचं ते तंत्र ती शिकून आली, आणि त्यातून छताला टांगलेली अशी शिल्पं झाली की आतला आकार बाहेरच्या आकारातून आरपार दिसतो. त्यांच्या सावल्यासुद्धा बघत राहाव्यात अशा.

असावाला सहा मुलं झाली. सॅन फ्रान्सिस्कोत मुलांच्या शाळेत कलेच्या नावानं काय चालतं ते पाहून १९६८ साली तिनं आल्वाराडो शाळेत कार्यशाळा सुरू केली. साहित्य म्हणजे दुधाचे रिकामे खोके, अंड्यांचे पुठ्ठे, आणि मैदा. शिकवायला खरेखुरे कलावंत, मदतीला पालक. १९७३मध्ये शहरातल्या एका मोठ्या हॉटेलबाहेर तिनं कारंजं केलं, त्यावर सगळं सॅन फ्रान्सिस्को: चढाचे रस्ते, ट्राम, पूल, माणसं. ते घडवायला शाळकरी पोरांचे हात लागले, आणि मूळ आकृत्या मळलेल्या पिठाच्या होत्या. त्यावरून मग ब्राँझ ओतलं. २०१०मध्ये तिथल्या सरकारी कलाशाळेला तिचं नाव दिलं गेलं. जिला सराव-पाठ घेऊ दिला नव्हता, तिचं.

त्या पिठाची कृती अगदी सोपी आहे. चार वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दीड वाटी पाणी. पाणी एकदम ओतू नका, मैदा पाहून थोडं थोडं घाला. चांगलं दहा मिनिटं मळा, नाहीतर वाळताना तडे जातात. जोड द्यायचा तर बोट ओलं करून दाबा. मंद आचेच्या ओव्हनमध्ये भाजलं की कडक होतं, ओव्हन नसेल तर पातळच करा आणि कडक उन्हात वाळवा. उरलेला गोळा ओल्या फडक्यात गुंडाळा. आणि पोरांना आधीच बजावून ठेवा, चव घेऊ नका म्हणून. घेतीलच म्हणा, पण एवढ्या मिठानं पुन्हा घेणार नाहीत.